निराकाराचा शोक : बेने इस्रायलांच्या मराठी धर्मवाङ्मयाच्या निमित्ताने

हिब्रू बायबलातील 'उत्पत्ती' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात, जलप्रलयाची कथा सुरू होण्याच्या थोडे आधी, एक वाक्य येते. पृथ्वीवर माणूस निर्माण केला याचे देवाला वाईट वाटले आणि ती व्यथा त्याच्या हृदयापर्यंत पोचली, असा त्या वाक्याचा आशय आहे. दोन हजारांहून अधिक वर्षे ज्यू विचारवंत या वाक्याशी झुंजत आले आहेत. जो सर्वज्ञ आहे त्याला आपल्या कृतीचा पश्चात्ताप कसा होईल? जो पूर्ण आहे त्याला काय उणे पडले म्हणून तो दुःखी होईल? ज्याला देहच नाही त्याला हृदय कोठून असणार? हे प्रश्न तत्त्वज्ञांचे झाले. अनुवादकाचा प्रश्न याहून साधा आणि म्हणूनच अधिक अवघड आहे : हे वाक्य मराठीत आणताना क्रियापद कोणते योजायचे?

मराठीत दुःख माणसाला 'होते'. 'मला दुःख झाले' असे आपण म्हणतो; दुःख कर्त्याच्या जागी बसते आणि ज्याला ते होते तो बिचारा चतुर्थीत जातो. त्यामुळे 'देवाला दुःख झाले' असे लिहिताच आपण नकळत एक सिद्धान्त मांडून बसतो. देवाबाहेरचे काहीतरी त्याच्यावर येऊन आदळले, आणि त्याने ते सोसले. मूळ हिब्रू क्रियापदाची घडण तशी नाही. तेथे देव हाच वाक्याचा कर्ता आहे, आणि क्रिया त्याच्यापासून निघून त्याच्याकडेच वळते. संस्कृतातील आत्मनेपदाची आठवण व्हावी अशी ती रचना आहे. अनुताप, खेद, शोक हे तत्सम शब्द अनुवादकाच्या हाताशी सहज येतात, परंतु ते वाक्याला एकप्रकारचे दरबारी वजन देतात आणि मूळचा अवघडलेपणा झाकून टाकतात.

या क्रियापदाचा धातू, आयिन, त्सादे आणि बेत या तीन व्यंजनांचा, वाचकाला तीनच अध्यायांपूर्वी भेटलेला असतो. एदेन बागेतून माणसाची हकालपट्टी होते त्या प्रसंगी हव्वेच्या वाट्याला आलेल्या प्रसूतीच्या वेदनांसाठी आणि आदामाच्या वाट्याला आलेल्या शेतातील राबण्यासाठी हाच धातू वापरला आहे. म्हणजे माणसाला दिलेली शिक्षा आणि माणसामुळे देवाला झालेली व्यथा यांचे मूळ भाषेच्या पातळीवर एकच आहे. येथे मराठीजवळ एक शब्द असा आहे की जो इंग्रजीजवळ नाही. 'कष्ट' म्हणजे श्रम, आणि 'कष्टी' म्हणजे दुःखी. बाई बाळंतपणात कष्ट सोसते, शेतकरी कष्ट करतो, आणि देव कष्टी होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या स्थळी 'देव मनोमन कष्टी झाला' या साध्या घरगुती वाक्यात मूळ अर्थाचे जेवढे सूत सापडते तेवढे कोणत्याही तत्सम शब्दात सापडणार नाही.

दुसरा धातू नून, हेत आणि मेम या व्यंजनांचा. त्याचे अर्थ परस्परांच्या अगदी उलट वाटावेत असे आहेत : मन पालटणे, पस्तावणे, आणि सांत्वन होणे. नोहाचा बाप लामेख मुलाचे नाव ठेवताना म्हणतो की हा मुलगा आपल्या हातांच्या कष्टांत आपले सांत्वन करील. सांत्वन आणि कष्ट, हे दोन्ही धातू त्या बापाच्या तोंडी आहेत. काही ओळींनंतर तेच दोन धातू देवाच्या संदर्भात येतात, पण पहिल्याचा अर्थ आता उलटलेला असतो. बापाने ज्या शब्दात दिलासा मागितला त्याच शब्दात देवाचा पस्तावा सांगितला जातो. ही केवळ शब्दक्रीडा आहे असे कोणी म्हणू शकेल. परंतु ज्या ग्रंथात देवाचे वर्णन करायला रंग, रूप, आयुधे, वाहन यांपैकी काहीही उपलब्ध नाही, तेथे कवीला धातूंच्या पुनरावृत्तीखेरीज दुसरे साधन तरी कोणते उरते?

हा सारा विचार मराठीत करण्याचे कारण असे की हे वाक्य मराठीत ऐकणारा, मराठी हीच मातृभाषा असलेला ज्यू समाज कोकणात शतकानुशतके राहत आला आहे. बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे हे वंशज. ग्रंथ समुद्रात गेले. हिब्रू विस्मरणात गेली. राहिले ते शनिवारचे पालन, आठव्या दिवशीची सुंता, आणि देवाच्या एकत्वाची घोषणा करणारी 'शेमा' ही प्रार्थना. तेलाचा घाणा चालवणाऱ्या या लोकांना गावकरी 'शनिवार तेली' म्हणत. हरवलेला ग्रंथ त्यांच्याकडे पुन्हा आला तो बऱ्याच अंशी मराठीच्या वाटेने. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले ते याच समाजासाठी. पुढे जोसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची 'हगादा' १८७४ साली पुण्यात हिब्रू व मराठी अशी शेजारीशेजारी, चित्रांसह छापली गेली. हाईम सामुएल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून ठेवलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला समाजेतिहास इंग्रजीत आहे, पण त्यात वर्णिलेले सारे जीवन मराठी आहे.

अशा समाजात एक विचित्र वाटणी घडून येते. प्रार्थनेची भाषा एक, आणि रडण्याची भाषा दुसरी. भिलाईसारख्या ठिकाणी मराठी वाचणाऱ्याला तिचे वैचित्र्य चटकन जाणवते, कारण येथे ती नेमकी उलट आहे. १९५९ साली येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली; कारखान्याच्या ओढीने आलेल्या मराठी कुटुंबांनी बाजारात, कामावर, शेजारात हिंदी स्वीकारली, आणि मराठी राखून ठेवली ती घरासाठी आणि गणपतीपुढच्या आरतीसाठी. देव आणि दुःख एकाच भाषेत राहिले. बेने इस्रायलांचे तसे नव्हते. त्यांच्या घरचे मरण मराठीत रडले जाई आणि देवाशी बोलणे हिब्रूत होई. म्हणून देव दुःखी होतो काय हा प्रश्न त्यांच्या बाबतीत ईश्वरशास्त्राचा राहत नाही, तो भाषेचा होतो : आपण ज्या भाषेत रडतो त्या भाषेत देवही कष्टी होऊ शकतो काय?

नाही, असे स्वच्छ उत्तर देणाऱ्या ज्यू परंपरेचा मुकुटमणी म्हणजे बाराव्या शतकातील मोझेस मायमॉनिडीझ. अरबीत लिहिलेल्या आपल्या 'संभ्रमितांसाठी मार्गदर्शक' या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की देवाला कोणताही विकार होत नाही. विकार म्हणजे बदल, आणि बदल म्हणजे अपूर्णता. मग शास्त्रात देवाला दयाळू, कोपिष्ट, दुःखी असे का म्हटले आहे? तर तोरा माणसांच्या भाषेत बोलते म्हणून. देवाची कृती पाहून आपण म्हणतो की अशी कृती माणसाने केली असती तर ती दयेपोटी केली असती. याचे उदाहरण म्हणून तो गर्भाची वाढ घेतो. गर्भाला एकेक शक्ती मिळत जाते, त्याचे रक्षण होते, पोषण होते; हे माणसाने केले असते तर ते कोवळ्या भावनेने केले असते, परंतु देवाच्या ठायी अशी भावना कल्पिण्याचे कारण नाही. कृती आहे, कालवाकालव नाही.

उदाहरण गर्भाचेच निवडावे, याला अर्थ आहे. दयेसाठी असलेला हिब्रू शब्द 'रहामीम', आणि त्याच्या अगदी शेजारी उभा असलेला 'रेहेम' म्हणजे गर्भाशय. तत्त्वज्ञाने भावना काढून टाकली, तरी शब्दाच्या पोटात राहिलेली आई त्याला काढता आली नाही. मुंबईत १७९६ साली सामुएल यहेज्केल दिवेकर यांनी बांधलेल्या, बेने इस्रायलांच्या पहिल्या सभास्थानाचे नाव 'शआर हारहामीम', दयेचे द्वार, असेच आहे. कंपनीच्या सैन्यातले दिवेकर म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत पडले होते. परंपरा अशी सांगते की बेने इस्रायल हे नाव ऐकून टिपूच्या आईने त्यांच्यासाठी शब्द टाकला. ही कथा इतिहासाच्या कसोटीला किती उतरेल हा भाग वेगळा. परंतु दयेच्या द्वारामागे एक आई उभी करावीशी वाटणे, ही त्या शब्दाची लोकमनाने केलेली टीका होय, आणि ती मायमॉनिडीझच्या टीकेहून भिन्न दिशेने जाते.

मायमॉनिडीझला कोरडा म्हणण्याची प्रथा आहे. ती अन्यायाची आहे. त्याचा धाकटा भाऊ दाविद व्यापारासाठी निघाला आणि हिंदी महासागरात बुडाला. पुढे लिहिलेल्या एका पत्रात मायमॉनिडीझ सांगतो की त्या बातमीनंतर सुमारे वर्षभर आपण अंथरुणाला खिळलो होतो, आणि इतक्या वर्षांनीही आपले सांत्वन झालेले नाही. ज्याने दुःख असे भोगले, त्याने देवाला दुःखातून सोडवले. दुःख म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते म्हणून नव्हे. कदाचित फार चांगले ठाऊक होते म्हणून. वर्षभर अंथरुणात पडून राहणारा देव जगाच्या काय उपयोगाचा? याच मायमॉनिडीझने आपल्या आणखी एका पत्रात हिंदुस्थानातील ज्यूंचा उल्लेख केला आहे : त्यांना शास्त्र माहीत नाही, शब्बाथ आणि आठव्या दिवशीची सुंता एवढेच ते पाळतात. हा उल्लेख बेने इस्रायलांचाच असे काही अभ्यासक मानतात. तो त्यांचा असो वा नसो, ज्या समुद्राने त्याचा भाऊ नेला त्याच्याच काठावरच्या लोकांविषयी तो लिहीत होता, ही गोष्ट वाचताना मनातून जात नाही.

तत्त्वज्ञांच्या या उत्तराच्या शेजारी, आणि काळाने त्याच्याही आधी, रब्बींच्या कथा आहेत; त्यांना तर्काची ही शिस्त मुळीच मान्य नाही. 'उत्पत्ती'वरील मिद्राशात एक परधर्मी रब्बी यहोशुआ बेन कोर्हा यांना विचारतो : तुमच्या देवाला भविष्य दिसते ना? मग तो पुढे दुःखी कसा झाला? रब्बी प्रश्नाला प्रश्न विचारतात. तुला मुलगा झाला तेव्हा तू काय केलेस? आनंद केला, इतरांनाही आनंदात सामील केले. तो एक दिवस मरणार हे तुला ठाऊक नव्हते? आनंदाच्या वेळी आनंद आणि शोकाच्या वेळी शोक, असे तो माणूस उत्तरतो. आणि देवाचेही तसेच, असे रब्बी म्हणतात. हे उत्तर तर्काला पटणारे नाही, पण ज्याला मूल आहे त्याला ते खोडूनही काढता येत नाही. याच मिद्राशात असेही येते की जलप्रलयापूर्वी देवाने आपल्या जगासाठी सात दिवस शोक पाळला. ज्यू घरात मृत्यूनंतर सात दिवस सुतक धरतात. देवाने ते मृत्यूच्या आधी धरले, एवढाच फरक.

तालमुदातील 'बेराखोत' या प्रकरणातली कथा मराठी वाचकाला विशेष जवळची वाटावी अशी आहे. रब्बी योसे प्रार्थनेसाठी यरुशलेमच्या एका पडक्या वास्तूत शिरतात. प्रार्थना संपेपर्यंत दाराशी एलिया संदेष्टा त्यांची राखण करीत थांबलेला असतो. बाहेर आल्यावर तो विचारतो, आत काय ऐकलेस? रब्बी सांगतात की पारव्यासारखा घुमणारा एक आवाज ऐकला. ज्या लेकरांच्या अपराधांमुळे मी माझे घर पाडले आणि त्यांना देशोधडीला लावले त्यांची काय ही गत, असे तो आवाज म्हणत होता. एलिया म्हणतो, आजच नव्हे, दिवसातून तीन वेळा तो असे म्हणतो. आणि सभास्थानात लोक त्याच्या नामाची स्तुती करतात तेव्हा तो मान हलवतो. ज्या बापाने मुलांना घराबाहेर काढले त्याच्यापाशी आता काय उरले, आणि बापाच्या पंगतीतून उठवलेल्या मुलांची केवढी दैना, असे उद्गार काढतो.

हा एलिया म्हणजे बेने इस्रायलांचा 'एलियाहू हन्नाबी'. अलिबागजवळ खंडाळे येथे खडकावरची खूण त्याच्या रथाची मानली जाते. त्या जागेला 'एलियाहू हन्नाबीचा टापा' म्हणतात. गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचा 'मलिदा' त्याच्या नावाने होतो : लग्नाआधी, नवस फेडताना, आजारातून उठल्यावर. ग्रंथ हरवलेल्या समाजाने सारे संदेष्टे विसरून एकाला धरून ठेवले, आणि तो नेमका पडक्या घरातल्या देवाच्या हुंदक्याचा साक्षीदार असावा, हा योगायोगच म्हटला पाहिजे; कोकणातल्या मलिद्याला तालमुदातील ही कथा माहीत असण्याचे काही कारण नव्हते. तरीही वाचकाच्या मनात दोन्ही एकत्र येतात, आणि समीक्षेने अशा एकत्र येण्याला उगाच हाकलून देऊ नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. १८८० च्या सुमारास मुंबईतील बेने इस्रायलांनी मराठी कीर्तनाचा प्रकार आपलासा केला. दाविद हाईम दिवेकर, बेंजामिन शिमशोन अष्टमकर इत्यादींनी बायबलातील चरित्रांवर आख्याने रचली. साकी, दिंडी, आर्या, ओवी ही वृत्ते आणि छंद, झांज आणि पेटी, कीर्तनकाराचे निरूपण, हे सारे तेच. कथा मात्र अब्राहामाची, योसेफाची, मोशेची. हा केवळ रूपबंधाचा स्वीकार होता, आशय अबाधित राहिला, असे या विषयावर लिहिणारे सर्रास म्हणतात. मला हे मान्य नाही. कीर्तन ही रिकामी घागर नव्हे की तीत कोणतेही पाणी भरावे. मराठी कीर्तनाचा कणा आहे करुणा, आणि ही करुणा देवाला भिजवल्याशिवाय राहत नाही.

आपल्या संतांचा देव रडतो, आणि उघड रडतो. नामदेवांच्या नावावर असलेल्या समाधीच्या अभंगांत ज्ञानदेव समाधी घेतात तेव्हा पांडुरंगाचे मन भरून येते. जनाबाईबरोबर तो दळतो-कांडतो, तो विठाई आहे, माउली आहे. या देवाच्या दुःखाला अडचण कसलीच नाही, कारण त्याला रूप आहे. निर्गुणाला जे अशक्य ते सगुणाला शोभते. वेदान्ताची हरकत ब्रह्मापाशी थांबते आणि विठोबा मोकळा राहतो. शिवाय आपल्या काव्यशास्त्राने शोक या स्थायी भावातून करुण रस निष्पन्न केला आहे. भवभूतीने तर करुण हाच एक रस मानला. देवाचे दुःख श्रोत्याला आस्वाद्य होते, त्याने मन हलके होते, आणि कीर्तन संपल्यावर माणूस बुक्का लावून शांत चित्ताने घरी जातो.

ज्यू देवाला ही सोय नाही. त्याला सगुण रूप नाही, अवतार नाही, मूर्ती नाही. मायमॉनिडीझच्या तेरा तत्त्वांतील तिसरे तत्त्वच देवाला देह नाही आणि देहाचे कोणतेही विकार त्याला लागत नाहीत असे बजावते. म्हणून ज्यू परंपरेत देव रडतो तेव्हा ते रडणे दिसू शकत नाही. तालमुदातील 'हगीगा' प्रकरणात म्हटले आहे की देवाला रडण्यासाठी एक जागा आहे, तिचे नाव 'मिस्तारीम', म्हणजे गुप्तस्थान. लगेच शंका निघते : देवाच्या सान्निध्यात तर सामर्थ्य आणि आनंदच असतो असे शास्त्र सांगते, मग तेथे रडणे कसे? उत्तर मिळते की आतल्या दालनांची गोष्ट वेगळी आणि बाहेरच्यांची वेगळी. विलापगीतांवरील मिद्राशात देवदूत देवाला म्हणतो, तुम्ही रडू नका, तुमच्याऐवजी मी रडतो. तेव्हा देव त्याला बजावतो की मला येथे रडू दिले नाहीस तर जेथे यायची तुला परवानगी नाही अशा जागी जाऊन मी रडेन. ज्याला डोळे नाहीत त्याचे अश्रू दाराआड असतात. या दुःखातून रसनिष्पत्ती होत नाही, कारण ते रंगमंचावर आणता येत नाही.

मग कीर्तनकाराने करायचे काय? तो पांडुरंगाप्रमाणे या देवाला पात्र म्हणून उभा करू शकत नाही. बेने इस्रायल आख्यानाची रचनाच या अडचणीतून वाट काढते असे मला वाटते. आख्यानाचा नायक नेहमी माणूस असतो, आणि देवाची करुणा त्या माणसाच्या अंगावर उमटते. योसेफाचा रक्ताने माखलेला झगा हाती आल्यावर याकोब शोक करतो, मुले-मुली त्याची समजूत घालू पाहतात, आणि तो सांत्वन नाकारतो. मूळ हिब्रूत येथे नून-हेत-मेम हाच धातू आहे, जो नोहाच्या काळी देवाच्या संदर्भात आला होता. मराठी श्रोत्याला धातू ऐकू येत नाही. परंतु कीर्तनकाराने याकोबाचा विलाप सुरू केला की समोरच्या बायका डोळ्यांना पदर लावणार, आणि सांत्वन नाकारणारा बाप कोण असतो हे त्यांना व्याकरणावाचून कळणार. येथे भक्तिपरंपरेचे देणे आणि ज्यू परंपरेचा नकार दोन्ही एकाच वेळी पाळले जातात : करुण रस पुरेपूर, देव मात्र पडद्याआड. हे धर्मांचे मीलन वगैरे नव्हे. असल्या गोड शब्दांनी या रचनेतला ताण हरवतो. हा एका कठीण पेचातून काढलेला कलात्मक मार्ग आहे, आणि मराठी कीर्तनाच्या इतिहासात त्याला त्याच्या गुणांवर जागा मिळायला हवी होती. ती मिळाली नाही. महानुभावांच्या, लिंगायतांच्या, ख्रिस्ती कवींच्या मराठी रचनेची आपण थोडीबहुत दखल घेतली. कोकणातल्या ज्यूंची आख्याने मात्र समाजशास्त्राच्या आणि संगीतशास्त्राच्या हवाली करून साहित्यसमीक्षा मोकळी झाली.

देवाच्या दुःखाचा हा प्रश्न विसाव्या शतकात पुस्तकी राहिला नाही. अब्राहाम जोशुआ हेशेल (१९०७–१९७२) याने बर्लिनमध्ये संदेष्ट्यांवर प्रबंध लिहिला, तो १९३६ साली प्रसिद्ध झाला, आणि १९६२ मध्ये 'द प्रॉफेट्स' या नावाने त्याचे विस्तारित इंग्रजी रूप आले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की संदेष्टा हा देवाचे केवळ शब्द पोचवणारा निरोप्या नव्हे, तर देवाची कळकळ स्वतःच्या जिवात भोगणारा माणूस आहे. ही कळकळ म्हणजे आंधळा विकार नसून माणसांशी देवाने जाणून जोडलेले नाते आहे. एलिएझर बेर्कोविट्स याने १९६४ साली त्यावर कडाडून हल्ला केला : रूपकाला सिद्धान्त केले की देव माणसासारखा होतो, आणि मग ज्यू आणि ख्रिस्ती विचारातील सीमारेषा पुसली जाते. बेर्कोविट्सचा तर्क बळकट आहे. पण होशेय वाचताना, आपल्या चुकार लेकराला टाकून देता येत नाही म्हणून देवाचे काळीज उलटेपालटे होते त्या ठिकाणी, तो तर्क हातात धरून बसणारा वाचक काव्याला मुकतो असे मला वाटते.

हेशेलचे पुस्तक ग्रंथालयात लिहिले गेले. वॉर्सातील पियासेत्स्नोचे रब्बी कलोनिमस कल्मन शपिरा यांची प्रवचने कोंडवाड्यात लिहिली गेली. सप्टेंबर १९३९ च्या बाँबवर्षावात त्यांचा एकुलता मुलगा आणि सून गेली. तरी १९४२ पर्यंत ते शब्बाथची प्रवचने लिहीत राहिले. 'हगीगा'तील त्या गुप्तस्थानाची कथा त्यांनी १९४२ मध्ये हाती घेतली. देवाचे दुःख त्याच्यासारखेच अनंत आहे, म्हणून ते लपलेले आहे. त्याची एक ठिणगी जरी जगात उतरली तरी जग टिकणार नाही. माणूस स्वतःच्या दुःखात एकटा बुडतो तेव्हा तो मोडतो. पण त्याला आतल्या दालनात शिरता आले तर तो देवाबरोबर रडू शकतो, आणि मग त्याला उभे राहण्याचे बळ येते. शपिरा यांना १९४३ मध्ये ठार मारण्यात आले. जमिनीत पुरलेले हस्तलिखित युद्धानंतर सापडले आणि १९६० साली 'एश कोदेश' या नावाने छापले गेले. मायमॉनिडीझला दुःख करणारा देव निरुपयोगी वाटला असेल. येथे दुःख न करणारा देव असह्य झाला असता. या दोघांपैकी एकाला खरे ठरवण्याची जबाबदारी समीक्षकाची नाही. पण आपल्या कीर्तनातील करुणेहून हे दुःख किती वेगळे आहे हे सांगणे मात्र त्याचे काम आहे. बुक्का लावून घरी जाण्याची वाट वॉर्सात नव्हती.

बेने इस्रायल घरात जन्मलेले निस्सिम इझिकेल (१९२४–२००४) यांचा उल्लेख येथे टाळता येत नाही. 'लॅटर-डे साम्स' या १९८२ च्या संग्रहासाठी त्यांना १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जुन्या स्तोत्रांना समोरासमोर बसवून त्यांनी इंग्रजीत उत्तरे दिली. शत्रूंचा निःपात मागणाऱ्या भाषेशी ते हुज्जत घालतात, एकाच लोकसमूहावर देवाची मर्जी असावी हे त्यांना रुचत नाही, आणि तरीही ती स्तोत्रे आपल्या अंगात भिनली आहेत हे ते मान्य करतात. देवाचा राग त्यांनी नाकारला. देवाच्या दुःखाकडे मात्र ते वळले नाहीत. इंग्रजीत लिहिणाऱ्या आधुनिक कवीला हुज्जत जमते. कष्टी होणाऱ्या देवासाठी जी भाषा लागते ती त्यांच्या पूर्वजांच्या कीर्तनात होती. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले, आणि तेथे मुलांची भाषा हिब्रू झाली.

शेवटी एका वर्णाविषयी. 'यशया' ग्रंथाच्या त्रेसष्टाव्या अध्यायात लोकांच्या संकटाचा आणि देवाचा संबंध सांगणारे एक वाक्य आहे. त्यातील एक शब्द हस्तलिखितात अलेफ या अक्षराने लिहिला आहे, आणि वाचताना तो वाव या अक्षराने लिहिल्यासारखा घ्यावा अशी परंपरेची सूचना आहे. लिहिल्याप्रमाणे घेतला तर त्याचा अर्थ 'नाही' असा होतो, आणि लोकांच्या संकटात देवाकडून जाच नव्हता असे वाक्य निघते. वाचनपरंपरेप्रमाणे घेतला तर अर्थ 'त्याला' असा होतो, आणि त्यांच्या प्रत्येक संकटात त्यालाही संकट होते असे वाक्य निघते. दोन्ही शब्दांचा उच्चार एकच : 'लो'. सभास्थानात बसून ऐकणाऱ्याच्या कानावर एकच ध्वनी पडतो, आणि देव दुःखी आहे की नाही हे त्या ध्वनीवरून सांगता येत नाही. शतकानुशतके हे वाक्य असेच, दोन्ही अर्थ पोटात घेऊन, मोठ्याने वाचले गेले.

मराठीत ही सवलत नाही. 'नाही' आणि 'त्याला' हे शब्द उच्चारात एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत. वयाच्या अखेरीस, एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेल्यावरही, पंडिता रमाबाई केडगावला मूळ हिब्रू समोर ठेवून मराठी बायबलचे काम करीत होत्या. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये बाहेर आले. त्यांच्यासारख्या अनुवादकाला, आणि याच अध्यायावर निरूपण करू पाहणाऱ्या बेने इस्रायल कीर्तनकाराला, या जागी आल्यावर एक शब्द उचलावा लागतो आणि दुसरा खाली ठेवावा लागतो.